हवाई: चार बेटांचा हट्ट कशाला?

हवाईच्या सहलीचा बेत सुचवणाऱ्या तुमच्या लेखात एका आठवड्यात ओआहू, माउई, कवाई आणि बिग आयलंड ही चार बेटं बसवलेली वाचूनच दम लागला. नकाशावर ही बेटं शेजारी-शेजारी दिसतात, पण या चौघांमध्ये प्रवासी बोट नाही. (माउईहून लानाई या छोट्या बेटाला तेवढी जाते.) उड्डाण तासाभराचं असलं तरी गाडी परत करा, बॅगा टाका, पुन्हा नवी गाडी घ्या, यात अर्धा दिवस जातोच. त्यापेक्षा दोनच घ्या. माझी पसंती कवाई आणि बिग आयलंडला. पॅसिफिक भूपट्ट एकाच तप्तबिंदूवरून (खोलातून लाव्हा वर येतो त्या जागेवरून) वायव्येकडे सरकत गेला आणि बेटं एकामागोमाग घडत गेली, म्हणून कवाई सुमारे ५० लाख वर्षांचं, पावसाने कोरलेलं, हिरवंगार. तर बिग आयलंड अजून घडतंय. हा फरक डोळ्यांनी बघण्यात खरी मजा आहे.

बिग आयलंडवरच्या किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा मात्र गृहीत धरू नका. उद्रेक थांबतो, पुन्हा सुरू होतो. यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची) साइट बघूनच रात्रीचा बेत ठरवा.

एक गोष्ट लेखात बदलाच: सकाळी स्कूबा डायव्हिंग आणि त्याच संध्याकाळी बिग आयलंडवरचा मौना केआ पर्वत. हे धोक्याचं आहे! शिखर ४,२०७ मीटरवर. डायव्हिंगनंतर इतक्या उंचीवर गेल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. मध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. माउईवरच्या हालेआकाला या उंच ज्वालामुखीलाही तेच लागू. आणि तिथल्या सूर्योदयासाठी गाडीचं आरक्षण आधीच करावं लागतं, ऐनवेळी पहाटे गेटवरून परत पाठवतात.