हरलेल्या लढाईचं मैदान राखायचं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. नागपूरची सीताबर्डी (म्हणजे बर्डी) आणि अकोल्याकडचं अडगाव, इथल्या भोसले-इंग्रज लढायांची मैदानं राखावीत, असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. दोन्ही लढाया आपण हरलो, मग ती मैदानं राखणं म्हणजे इंग्रजांच्या विजयाचं स्मारक करणं. इतिहास पुस्तकात आहेच. आणि रणभूमीच्या नावाखाली शेतकऱ्याच्या जमिनीवर सरकारी शिक्का बसणार. तुमचं स्वतःचं शेत तेल्हाऱ्याकडे आहे, त्यामुळे तिसऱ्या आक्षेपामागची काळजी मला समजते.

पुस्तकापासून सुरुवात करतो, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. बर्डीच्या लढाईचं जे वर्णन आपण वाचतो, ते बहुतेक सगळं इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आलेलं. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य अठरा हजारांच्या घरात आणि इंग्रज दीड हजारांच्या आत, हा हिशोबही त्यांचाच. जिंकणारा आपली संख्या कमी आणि शत्रूची जास्त का सांगतो, हे वेगळं सांगायला नको. हे तपासायचं कशावर? कागद त्यांचे, नकाशे त्यांचे. तिसरा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे जमीन. टेकडीच्या पायथ्याशी एका वेळी किती माणसं चढाईला उभी राहू शकत होती, हे जमीनच सांगते. हरलेल्या बाजूला तर या साक्षीदाराची गरज जास्त.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाई पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांनी बर्डीच्या दोन टेकड्यांपैकी छोटी टेकडी जिंकली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. काही काळ इंग्रजांची अवस्था फार वाईट होती. मग इंग्रजांच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खालच्या सपाटीवर हल्ला चढवला, छोट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला आणि पारडं फिरलं. हे सगळं समजायला दोन टेकड्यांमधलं अंतर डोळ्यांनी दिसावं लागतं, घोडे कुठून सुटले ते दिसावं लागतं. आज त्या सपाटीवर रेल्वे, रस्ते आणि बर्डीचा बाजार आहे. टेकडी वाचली ती लष्कराच्या ताब्यात राहिल्यामुळे. सामान्य माणसाला टेकडीवरच्या किल्ल्यात जायला मिळतं ते स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन अशा मोजक्याच दिवशी. ती सपाटी आता परत मिळणार नाही, आणि याचं मला मनापासून दुःख होतं.

आता पराभवाबद्दल. अमेरिकेच्या संसदेने रणभूमीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान १८९० मध्ये मंजूर केलं. त्यातलं मुख्य मैदान चिकमॉगाचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर १८६३ मध्ये, तिथे खुद्द संघराज्याचीच, म्हणजे केंद्र सरकारची फौज बंडखोर दक्षिणेकडून हरली होती. तरी त्याच फौजेतल्या जुन्या सैनिकांनी त्या जागेसाठी पुढाकार घेतला आणि दोन्ही बाजूंच्या पलटणींच्या जागा खुणा लावून दाखवल्या गेल्या. आपली माणसं कुठे पडली हे नातवंडांना दाखवता यावं, ही इच्छा गुलामीची नव्हे. बर्डीवर पडलेल्या अरबांच्या आणि आपल्या शिपायांच्या नावाने आज तिथे काय आहे, तुम्हीच सांगा.

शेताचा प्रश्न. बेल्जियमने वॉटर्लूच्या मैदानासाठी १९१४ मध्ये कायदा केला. त्याचा गाभा बांधकामावर बंधन हा आहे. शेती चालूच राहिली, आजही तिथे पिकं उभी असतात. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणभूमी-उद्यानातही शेतं कसली जातात. मला अडगावसाठी हेच हवं आहे: जमीन शेतकऱ्याचीच, नांगरही त्याचाच, फक्त तिथे ले-आउट पडू नये, गोदामं उभी राहू नयेत. बंधनाचा मोबदला शेतकऱ्याला मिळालाच पाहिजे, यात तुमच्याशी माझा काहीही वाद नाही. फुकटात संरक्षण मागणारा मी नाही. आपल्या पुरातत्त्व कायद्यात स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे, पण जिथे भिंत नाही, बुरूज नाही, अशा मोकळ्या रणभूमीला त्याचा आधार फारसा मिळत नाही. अडचण तिथे आहे.

आणि अडगावच का? २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज गावाजवळून मैदानात उतरत होती. समोरच्या तोफांचा मारा सुरू होताच, दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत नेटाने लढलेल्या त्याच्याच पलटणी मोडून मागे पळाल्या. आपण जातीने तिथे नसतो तर लढाई हरलो असतो, असं त्याने स्वतः नंतर लिहिलं. भोसले-शिंद्यांच्या तोफखान्याने हे करून दाखवलं होतं. तरी लढाई हरलीच; पंधरा-सोळा दिवसांत भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला, १७ डिसेंबरला इंग्रजांशी देवगावचा तह झाला, कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरच्या हातून सुटला. विदर्भाचं पुढचं शतक ज्या शिवारात ठरलं, तिथे आजही बरीचशी शेतंच आहेत. बर्डीला जे जमलं नाही ते इथे अजून जमू शकतं.

तुमचं शेत त्याच भागात, म्हणून एक विनंती. नांगरताना जुने गोळे किंवा शिसं सापडल्याचं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल, तर कोणत्या शिवारात ते नक्की कळवा. आणि काही हाती लागलं तर जागची वस्तू उचलण्याआधी ती जागा टिपून ठेवा.