मुलाखत कशी घ्यावी: होतकरू मालकांसाठी काही अनुभवी सूचना

शेठ, तुमच्याकडे अकाउंटंटची जागा रिकामी झाल्याचं कळलं. आधीचा न सांगता निघून गेला म्हणे. हल्लीची माणसंच कृतघ्न, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नवा माणूस शोधायला मुलाखती घ्याव्या लागतील आणि त्या बाबतीत मी तुम्हाला मदत करू शकते. गेल्या तीन महिन्यांत मी अकरा मुलाखती दिल्यात, त्यातली शेवटची भोसरी एमआयडीसीत. मुलाखत कशी घ्यावी, या विषयात आता माझा हात धरणारं कोणी नाही. छडीची लांबी मार खाणाऱ्यालाच बरोबर माहीत असते.

जाहिरातीपासून सुरू करू. पगाराचा आकडा चुकूनही छापू नका. 'अनुभवानुसार' लिहा. फार उदार वाटत असेल, तर 'योग्य उमेदवारासाठी पगाराची अडचण नाही' असं लिहा. फोनवर मात्र पहिला प्रश्न 'सध्या किती मिळतो?' आणि दुसरा 'अपेक्षा किती?' समोरचीने आकडा सांगितला की दोन सेकंद गप्प राहायचं आणि मग नुसतं 'हं' म्हणायचं. त्या एका 'हं'ला पाच हजार सहज उतरतात. कामाच्या यादीत टॅली, जीएसटी, टीडीएस, पीएफ, बँक, स्टॉक, डिस्पॅच सगळं घाला आणि सर्वांत शेवटी 'इतर'. माझ्या एका मैत्रिणीच्या 'इतर'मध्ये शेठच्या सासूबाईंचं इन्कम टॅक्स रिटर्न आणि धाकट्या चिरंजीवांच्या शाळेची फी निघाली होती.

मुलाखतीला बोलावताना गुरुवार निवडा.

हे पुण्याबाहेरच्यांना कळायचं नाही, भोसरी-चिंचवडवाल्यांना सांगायला नको. मला १३ तारखेला सकाळी अकराला बोलावलं होतं. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने नाशिक फाटा, पुढे रिक्षा. पोरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलेलं. पोचले तर फाटकाला कुलूप आणि वॉचमन खुर्चीवर पाय पसरून पेपर वाचतोय. "ताई, आज गुरुवार ना." एवढंच म्हणाला बिचारा, पण वर पाणी विचारलं. त्या अख्ख्या कंपनीत मला पाणी विचारणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. बोलावणाऱ्या एचआर बाईंना फोन केला, तर त्या बाणेरच्या ऑफिसात बसतात म्हणे, "ओह, प्लँटला ऑफ असतो का?" चूक माझीही होतीच. इतकी वर्षं पुण्यात काढून मला गुरुवार आठवू नये? पण बोलावणं आलं की माणूस वार बघत नाही, घड्याळ बघतो.

मग पुढची तारीख द्या. १८, मंगळवार. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वेळ अकराची द्यावी आणि दीडला आत घ्यावं.

मधल्या अडीच तासांत हाताला काहीतरी हवं, म्हणून चार पानी फॉर्म द्या. रेझ्युमेत जे जे आहे ते सगळं पुन्हा हाताने लिहून घ्या. वडिलांचं नाव, पतीचं नाव, पतीचा व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं. फॉर्मसोबत पेन देऊ नका, तीसुद्धा एक परीक्षाच.

आत घेतल्यावर रेझ्युमे तिच्यासमोर पहिल्यांदा उघडा. "तर मॅडम, तुम्ही नक्की काय करता?" असं विचारा. ती बोलायला लागली की फोन घ्या. फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याला एक कचकचीत शिवी द्या, म्हणजे पुढच्या वातावरणाची तिला कल्पना येईल. फोन ठेवून "हां, बोला" म्हणा. मग पुन्हा फोन घ्या.

आणि बाई असेल तर खरी मुलाखत इथून पुढे. नऊ वर्षांचा अनुभव दोन मिनिटांत उरकून मधल्या दोन वर्षांच्या गॅपवर या. "गॅप का?" मूल झालं. "अच्छा. मग आता कोण सांभाळतं?" सासूबाई गावी, शेजारच्या काकू बघतात. "आणि ती आजारी पडली तर?" मी काय सांगणार होते? आजारी पडली तर डॉक्टरकडे नेतो, शेठ, तुम्ही तुमच्या पोरांचं काय करता? "मिस्टर काय करतात? त्यांना उशिरा घरी आलेलं चालतं का?" आणि मग खुर्चीत जरा मागे रेलून, अगदी घरच्यासारखं, "दुसऱ्या चान्सचा काही विचार?" हे तुम्ही मला विचारलंत. माझ्या नवऱ्याच्या आईनेसुद्धा मला हे आडवळणाने विचारलं होतं. तुमच्या डोळ्यांत मला सव्वीस आठवड्यांचं गणित दिसत होतं. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन बाळंतपणाची रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली, एवढी एक तरतूद तुम्हा लोकांना तोंडपाठ असते. बाकी कायदे विचारले तर सीएकडे बोट. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला तुम्ही विचारलंत का हो, की बाबा रे, तुझ्या बायकोला दुसरं कधी होणार? नाही. त्याला विचारलंत, क्रिकेट खेळतोस का.

असो. सूचनांकडे वळू.

पगाराची बोलणी नेहमी सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात करा. 'पंचवीस हजार' हा शब्द कानाला गोड लागतो. त्यात बेसिक पंधरा धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० त्यातच घाला, तिच्या वाट्याचे १,८०० कापाच, बोनसचे महिन्याला १,२५० आत बसवा आणि वर ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे सातशेवीस-बावीस रुपये. हातात साडेएकोणीससुद्धा पडत नाहीत. ग्रॅच्युइटी मिळायला पाच वर्षं टिकावं लागतं हे तिला सांगू नका. तुमच्याकडे पाच वर्षं टिकलेलं कोण आहे? तो वॉचमन. आणि तो ठेकेदाराचा.

मूळ मार्कशीट जमा करून घ्या. सोबत एक सही केलेला कोरा चेक. "फॉर्मॅलिटी आहे मॅडम, आमच्याकडे सगळेच देतात."

"आम्ही एक कुटुंब आहोत" हे वाक्य विसरू नका. शनिवार फुल डे असतो, हे त्याला लागूनच सांगून टाका.

आता टेस्ट.

टेस्ट हा खरा दागिना आहे. इथे मला अंमळ सविस्तर लिहावं लागणार, कारण अकरा मुलाखतींत असं डोकं मी कुठेच पाहिलं नाही. निरोपात लिहिलं होतं, 'स्वतःचा लॅपटॉप आणावा, छोटीशी प्रॅक्टिकल टेस्ट असेल'. आम्ही पाच जण होतो. मी, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन मुली, पहाटेच्या एसटीने आलेला बार्शीचा एक मुलगा आणि पन्नाशीचे एक काका. काकांची आधीची कंपनी बंद पडली होती. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. आम्हाला एका लांब टेबलाशी बसवलं आणि प्रत्येकाला पेनड्राइव्हवरून एक एक्सेल फाइल दिली. एका शीटवर पर्चेस रजिस्टर, दुसऱ्यावर टू-बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. जुळवा, फरक काढा, शेरा लिहा.

आधी वाटलं, बरी आहे टेस्ट. निदान 'गोल्डन रूल्स सांगा' तरी नाही. व्हीलूकअप लावला, ४१२ ओळी होत्या. काम करता करता मी सप्लायरची नावं वाचायला लागले. सगळी 'पी' ते 'एस'. नमुन्याच्या फाइलमध्ये 'अबक ट्रेडर्स' असतात, इथे नाणेकरवाडीचे, चाकणचे, तळवड्याचे अस्सल सप्लायर, २७ने सुरू होणारे खरे जीएसटी नंबर, गेल्या महिन्याच्या तारखा. फाइलचं नाव 'पर्चेस फायनल फायनल २'. एवढ्यात बार्शीचा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे 'एस'पर्यंत आहे का? माझं 'टी'पासून सुरू होतंय." त्या दोघी मुलींकडे 'ए' ते 'जी' आणि 'एच' ते 'के'. काकांकडे 'एल' ते 'ओ'. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "पोरांनो, टेस्ट नाही ही. ही यांची थ्री-बी आहे."

कळलं ना? टू-बी पोर्टलवर येते १४ तारखेला. थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची २० पर्यंत. त्या महिन्यात २० तारीख आली गुरुवारी, म्हणजे प्लँटला सुट्टी. जुना अकाउंटंट पळालेला. शेठनी १८ तारखेला पाच माणसं बोलावली, वर्णानुक्रमे वाटून दिली आणि दोन दिवसांचं काम तीन तासांत बसवून घेतलं. लॅपटॉप आमचे, एक्सेल आमचं, भाडं आमचं, डोकं आमचं. चहा आला होता, एक कप. आमच्यावर लक्ष ठेवायला बसलेल्या पोरासाठी.

आणि कमाल तुमची नाही, आमची आहे. हे कळल्यावरही एकही जण उठला नाही. मीही नाही. मनात तेच, कोण जाणे, चांगलं केलं तर घेतीलही. बार्शीच्या मुलाला परतीची गाडी गाठायची होती, तो घड्याळाकडे बघत बघत 'झेड'पर्यंत गेला. काकांनी तर प्रत्येक फरकाखाली कारण लिहिलं, सप्लायरने रिटर्न भरलं नाही, बिल नंबर चुकला, असं नीट. तीस वर्षांची सवय, दुसरं काय. अशा माणसाला तुम्ही फुकट राबवलंत.

पुढची सूचना छोटी आहे. जाताना "कळवतो" म्हणा आणि कळवू नका. आठ दिवसांनी ती मेसेज करेल, तो वाचा. दोन निळ्या खुणा उमटल्या की तुमचं कर्तव्य संपलं.

माझ्यासाठीही ते तिथेच संपलं असतं. मी हे लिहायलाही बसले नसते, दहा ठिकाणचं गिळलं तसं अकरावंही गिळलं असतं. पण आज त्याच एचआर बाईंचा फोन आला. गोड आवाज. "मॅम, तुम्ही शॉर्टलिस्ट झाला आहात, सेकंड राउंड आहे. उद्या याल का? लॅपटॉप घेऊन या." मी कॅलेंडर बघितलं. १७ तारीख.

काकांचा नंबर घेऊन ठेवला होता, त्यांना फोन लावला. त्यांनाही सेकंड राउंड होता. बार्शीच्या मुलालाही. आम्ही पाचही जण शॉर्टलिस्ट झालो होतो, एका जागेसाठी.

आता सूचना-बिचना राहू द्या. शेठ, लाज वाटत नाही का हो? हे उपरोधाने विचारत नाहीये, सरळ विचारतेय. तुमच्या प्लँटवर साधा हमाल गाडी खाली करायला आला, तर आधी भाव ठरवतो आणि हातावर पैसे पडल्याशिवाय हलत नाही. त्याला तुम्ही देता, मुकाट्याने देता. आमच्या हातात पदवी आहे आणि गळ्यात गरज आहे, म्हणून आम्ही फुकट? वीस-पंचवीस हजारांचा माणूस तुम्हाला ठेवायचाच नाही. दर महिन्याच्या १८ ला पाच मूर्ख मिळाले की तुमचं भागतं. तो आधीचा अकाउंटंट खरंच होता तरी का, अशी मला आता शंका यायला लागलीय. आणि ज्यांच्या फायली तुम्ही रस्त्यावरच्या पाच अनोळखी माणसांच्या लॅपटॉपवर टाकल्यात, त्या सप्लायरना हे ठाऊक आहे का? कोणाकडून किती दराने काय घेता, ते सगळं अजून माझ्या डाउनलोडमध्ये पडलंय. मी पुसून टाकीन. मला कामाची रीत माहीत आहे.

नोकरी नाही तर नाही म्हणा. 'नाही' टाइप करायला किती वेळ लागतो? अकरा ठिकाणांपैकी एका ठिकाणाहून, एका, मला नकार आला. वानवडीच्या एका छोट्या फर्ममधून, 'अनुभवी व्यक्ती मिळाली, आपल्या वेळेबद्दल आभार' असा. दीड ओळ. वाचून मी रडले नाही, खचले नाही, पोरीचा डबा भरून पुढच्या अर्जाला लागले. एवढंच लागतं माणसाला.

मी उद्या येणार नाही. काकाही येणार नाहीत, मी त्यांना शपथ घातलीय. बार्शीचं पोरगं मात्र यायचं म्हणतंय, त्याची समजूत काढणं चालू आहे.

आणि 'पी' ते 'एस'मधल्या ज्या सात ओळी मी पिवळ्या करून दिल्या होत्या, त्यांतली पाच बिलं टू-बीत नव्हती आणि दोन रजिस्टरला दोनदा चढवली होती. त्यांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घ्यायचं नसतं, म्हणून पिवळी केली होती. तुम्ही शेरे वाचले नसणार, सगळं बेरजेत धरून २० च्या आत भरून मोकळे झाला असणार. ते उलटवा, वापरलं असेल तर १८ टक्के व्याजासकट. आणि नोटीस आली की मला फोन करू नका.