मुलास गायक करू इच्छिणाऱ्या खानदेशी पालकांस

आपले मूल गाते अशी शंका येताच त्यास प्रथम आजीपासून दूर ठेवावे. आखाजीच्या (म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या) झोक्यावर आणि श्रावणात कानबाई देवीच्या जागरणात ज्या बाया रात्र रात्र गातात, त्यांना आपण कोणता राग गातो हे सांगता येत नाही, त्यांच्याजवळ वही नसते आणि त्यांची परीक्षाही कोणी घेतलेली नसते. तेव्हा त्या जे करतात त्यास संगीत म्हणण्याची घाई करू नये.

त्यानंतर पेटी आणावी. फ्रान्समध्ये जन्मलेले, पाद्र्यांबरोबर इकडे आलेले आणि कोलकात्यात मांडी घालून वाजवण्याजोगे झालेले हे वाद्य घरात असले, की मुलाच्या आवाजाची चौकशी करणाऱ्यास ‘काळी चार’ असे रुबाबात सांगता येते. गळा माणसाचा असला तरी त्याची ओळख युरोपीय वाद्याच्या पट्टीच्या रंगावरून द्यावी, यात वावगे काही नाही. सप्तकाचे बारा समान तुकडे पाडल्यावर आपल्या संगीतातल्या बावीस श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म जागा, कोठे गेल्या, हा प्रश्न मात्र क्लासात विचारू नये. ऑल इंडिया रेडिओने तो १९४० साली पेटीवरच बंदी घालून सोडवून पाहिला होता, आणि ही पेटी हिंदी गायनास मारक आहे असे सांगणाऱ्यांत जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार पुढे होते. साहेबाच्या वाद्यास विरोध कसा करावा, याचीही शिकवणी साहेबाकडेच होती.

स्वदेशाभिमान हवाच असेल, तर तोही रीतसर मिळतो. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून गाणे दरबाराबाहेर आणले, संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या कुलुपातल्या चिजा क्रमिक पुस्तकांत छापल्या, आणि या दोघांच्या तळमळीवर शंका घेण्याची आमची प्राज्ञा नाही (आम्हीही गायनाच्या प्रवेशिका परीक्षेत एकदा नापास झालो आहोत). त्यांनी इंग्रजी शाळेकडून उसने घेतले ते फक्त वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षक आणि प्रमाणपत्र. त्या चौकटीत खयाल बसला. जात्यावरची ओवी बसली नाही, कारण तिची लांबी दळणावर ठरते. साक्रीकडच्या आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली पावरीही बसली नाही, कारण दुधी भोपळ्याचे ते वाद्य पेटीशी जुळवून घेण्याची तसदी घेत नाही. अशा हट्टी मंडळींसाठी ‘लोकसंगीत’ या शीर्षकाखाली चार ओळींची टीप पाठ करून घ्यावी. परीक्षेस तेवढी पुरते.

इतके झाल्यावर मूल विशारद होईल. मग श्रावणात आजी त्यास कानबाईपुढे बसवून ‘म्हण रे भो एखादं’ असे म्हणेल. अशा वेळी मुलाने घाबरू नये. आधी पेटी मागवावी, पट्टी ठरवावी, ताल कोणता ते बायांना विचारावे आणि कोणीच उत्तर देत नाही असे पाहून वही उघडावी. तोवर सोमवार उजाडून कानबाई डोक्यावर बसून नदीकडे निघालेली असेल, आणि बाया गातच तिच्यामागून चाललेल्या असतील.