टोचन

थंड देशांतले लोक हिवाळा आला की मोटारसायकल झाकून ठेवतात. बर्फ पडायच्या आत टाकी काठोकाठ भरायची, पेट्रोल नासू नये म्हणून त्यात औषध घालायचं, बॅटरी काढून घरात न्यायची, असा त्यांचा शिस्तीचा कारभार. पुण्यात हिवाळा म्हणजे गाडी बाहेर काढायचे दिवस. आमचा झाकाझाकीचा ऋतू पावसाळा, आणि तयारी म्हणजे फ्लेक्सचा एक तुकडा आणि तो उडू नये म्हणून वर ठेवलेल्या विटा. यंदा माझ्या गाडीवर कुठल्याशा भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो होता. पावसाळाभर ते जिन्याखाली पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढदिवसाचे आभार मानत होते.

टाकी भरून ठेवण्याचा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि पत्रा आतून गंजतो. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरलेली टाकी ठेवली, तर टाकीऐवजी शेजारपाजारच्या स्कूटरी तृप्त होतात, हेही तितकंच शास्त्रशुद्ध आहे. म्हणून तळाशी थोडं ठेवायचं आणि देवावर हवाला ठेवायचा.

गाडी येझदी रोडकिंग, 1986 ची. मैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली. तो कारखाना 1996 मध्ये कायमचा बंद झाला. गाडी दर पावसाळ्यात बंद होते आणि दर दसऱ्याला पुन्हा चालू होते. जावा-येझदीवाल्यांचा एक आंतरराष्ट्रीय दिवसही असतो, जुलैच्या दुसऱ्या रविवारी. ही तारीख ठरवणाऱ्याने पुण्यातला जुलै पाहिलेला नसणार. त्या दिवशी मी रेनकोट घालून बायकोच्या स्कूटरवरून जातो, इतरांच्या येझद्या भिजताना बघतो आणि तृप्त मनाने घरी येतो.

मुदत असते ती दसऱ्याची. त्या दिवशी सोसायटीतली झाडून सगळी वाहनं धुतली जातात, हळदकुंकू लागतं, झेंडूचे हार चढतात. आता बंद गाडीला हार घालणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोला हार घालण्यासारखंच. बायको दर वर्षी विचारते, "हिला हार झेंडूचा आणायचा की चंदनाचा?" त्यामुळे नवरात्र बसलं की मी फ्लेक्स उचलतो.

रोडकिंगची किक आणि गिअर हा एकच दांडा आहे, तोही डाव्या बाजूला. पुढे असेल तर तो गिअर. आत दाबून मागे उभा केला की त्याचीच किक होते. एकेकाळी चोरापासून गाडी सांभाळायला एवढं पुरायचं. आमच्या वॉचमनदादांनी हौसेनं मदतीला येऊन आधी उजव्या बाजूला किक शोधली, मग डाव्या बाजूला शोधली, मग "साहेब, किक कुणी काढून नेली काय?" असं विचारून रजिस्टरमध्ये नोंद करायला निघाले.

गाडी चालू असते तेव्हा पुण्यात तुमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. न सुरू होणाऱ्या गाडीच्या किकचा आवाज मात्र थेट चौथ्या मजल्यापर्यंत पोचतो आणि माणसं चहाचे कप घेऊन खाली येतात. प्रत्येकाचे प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने. पेट्रोल आहे का? कॉक उघडलाय का? चोक दिलाय का? नवा माणूस आला की प्रश्नावली पहिल्यापासून सुरू, कारण आधीच्या माणसाने नीट विचारलं असेल यावर त्याचा विश्वास नसतो. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तो स्वतःच्या तरुणपणीच्या गाडीकडे वळतो. राजदूत, लॅम्ब्रेटा, आरएक्स 100. त्या सगळ्या गाड्या एका किकमध्ये चालू व्हायच्या. मी आजवर असा एकही माणूस पाहिला नाही ज्याची विकून टाकलेली गाडी एका किकमध्ये चालू होत नव्हती. मग विकली का, हे विचारलं की म्हणतात, "अहो, लग्न झालं ना."

माझी मुलगी वरच्या गॅलरीतून म्हणाली, "बाबा, तुम्हाला घाम आलाय, तिला नाही."

बॅटरी उतरली असणार हे उघड होतं. ही 6 व्होल्टची. दुकानातल्या मुलाने 6 व्होल्ट ऐकल्यावर माझ्याकडे प्रेमाने बघितलं आणि विचारलं, "नातवाच्या गाडीला का, काका?" हल्ली लहान मुलांच्या त्या बसून चालवायच्या प्लॅस्टिकच्या जीपमध्ये 6 व्होल्टची बॅटरी असते. मी म्हटलं, मोटारसायकलला. त्याने आतल्या मालकाला हाक मारली, मालक बाहेर आले आणि माझ्यापेक्षा बॅटरीकडेच जास्त आदराने बघत राहिले.

बॅटरी बसली तरी प्लगला ठिणगी नाही. दमट हवेत पॉइंटवर बुरशी धरल्यासारखा थर येतो. दोन बारीक टिकल्या, मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट, आणि त्या फटीवर आख्खी गाडी अवलंबून. पॉलिश पेपर फिरवला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका म्हणाले, पॉलिश पेपरचे कण राहतात, वर कोरी करकरीत नोट फिरवायची. त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, उजेडात धरून खरी आहे ना ते पाहिलं, मग दिली. नोट फिरवून झाल्यावर ती परत घेऊन, पुसून, घडी घालून खिशात ठेवली.

आता ठिणगी येते का ते बघायचं. प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि दुसऱ्याने किक मारायची. काका म्हणाले, "मी धरतो, मला माहितीये." धरलं. मी किक मारली. काकांनी संस्कृतमधला नसलेला एक शब्द उच्चारला आणि कप एकीकडे, बशी एकीकडे झाली. करंट येतोय याबद्दल सोसायटीत त्यानंतर दुमत उरलं नाही. काका तेवढ्यातही म्हणाले, "बघा, नोटेने फरक पडला की नाही!"

म्हणजे दुखणं पेट्रोलचं. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. लिटरमागे किती, यावर येझदीवाल्यांत एकमत नाही. कुणी 30 मिली सांगतो, कुणी 40, आणि 50 वाला बाकीच्या दोघांशी बोलत नाही. गाडी उभी राहिली की पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि ऑइल मागे राहतं. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ओल फार झाली की पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कॉक नेमका तळाशी असतो. कार्बोरेटरमधल्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्यातून हा काढा जाणार कसा? खरं सांगायचं तर उसाचं पीक वाढलं तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. त्याचा रस एक दिवस आपल्याच कार्बोरेटरमध्ये येईल असं कुणाला वाटलं होतं?

कार्बोरेटर उघडायचं काम मिस्त्रींचं. आमचे मिस्त्री एरंडवण्यात. फोनवर त्यांनी निदान ऐकून घेतलं, "गाडी आणा" म्हणाले आणि ठेवला. बंद गाडी आणायची कशी, हा प्रश्न त्यांना गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कुणी विचारलेला नाही.

कोथरूडहून कर्वे रस्त्याने सव्वाशे किलोच्या वर वजनाची गाडी ढकलत निघालो. डोक्यावरून मेट्रो जात होती. लोक वरून बघत असणार. थोड्या अंतरातच एक जेवण पोचवणारा मुलगा शेजारी आला, हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, "काका, टोचन देऊ?"

पुण्याच्या रहदारीबद्दल लोक पुष्कळ वाईट बोलतात, मीही बोलतो. पण बंद गाडीच्या फूटरेस्टला अनोळखी माणूस स्वतःचा पाय लावतो आणि चालत्या रहदारीतून तुम्हाला रेटत नेतो, ही सोय दुसऱ्या कुठल्या शहरात इतकी सहज मिळत असेल असं वाटत नाही. कायद्यात बसत नसणार, हे कबूल. पण तुम्ही फक्त हँडल धरायचं. वेग त्याचा, दिशा त्याची, ब्रेक तेवढा तुमचा. मधूनमधून तो मोबाईल बघत होता, पाय मात्र ढळला नाही. एका सिग्नलला शेजारच्या मोटारीची काच खाली झाली आणि आतल्या गृहस्थांनी विचारलं, "किती देते?" मी म्हटलं, "सध्या खूप. शून्य पेट्रोलमध्ये चालतेय." नळ स्टॉपला मुलाने सोडलं. पैसे घेईना. "डबा थंड होतोय," एवढं म्हणून गेला. त्या दिवशी कुणाची तरी बिर्याणी माझ्यामुळे उशिरा पोचली. त्यांनी त्या मुलाला कमी तारे दिले नसतील अशी आशा आहे.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कार्बोरेटरला हातही न लावता मागे जाऊन उकिडवे बसले. रोडकिंगला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. त्यातल्या एकाच्या तोंडात त्यांनी तार घातली, ती लगेच अडली. खरवडल्यावर सुकलेली माती पडू लागली आणि मातीच्या कप्प्यांतून मेलेल्यासारख्या अळ्या. कुंभारीण माशीने भर पावसात पिलांसाठी घर बांधून, शिधा भरून, दार लिंपून घेतलं होतं. ना भाडेकरार, ना पोलीस पडताळणी. मिस्त्री म्हणाले, "हिची कामं बिल्डरपेक्षा बरी असतात."

मग कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, तळाचा काढा ओतून टाकला. फ्लोटखालचं पॅकिंग फुगून ढिलं झालेलं. ते आणायला नाना पेठेत. तिथल्या काउंटरवर येझदीचं सामान मागितलं की पहिला प्रश्न असतो, "ओरिजिनल देऊ, डुप्लिकेट देऊ, की ओरिजिनलसारखं?" तिन्हींतला फरक किमतीवरून ओळखायचा. तिथे नाहीच मिळालं तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार, पण त्या रस्त्याला गेलं की पॅकिंग राहतं आणि माणूस गरज नसलेला ग्रामोफोन घेऊन येतो. मी नाना पेठेतूनच परतलो.

ताजं पेट्रोल, मोजून ऑइल. मिस्त्रींनी पायातली चप्पल नीट केली, दांडा मागे घेतला आणि किक मारली. गाडी चालू. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. इतके दिवस जी माझ्या पायाखाली मेली होती, ती त्यांच्या चपलेखाली उठली, एवढंच. निळसर धूर उठला तो पावसाळाभर क्रँकमध्ये साठलेल्या ऑइलचा. गल्लीतली कुत्री उठून गेली. समोरच्या दुकानदाराने न बोलता शटर अर्धं खाली घेतलं.

दसरा छान झाला. हार झेंडूचा होता. बँकवाल्या काकांनी गाडीला नमस्कार केला, हात मात्र लावला नाही.

आता राहिली पीयूसी, ती पावसाळ्यातच संपलेली. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या व्हॅनपुढे स्कूटरींची रांग, तिच्या शेवटी मी, धडधडत. रांग एरवीपेक्षा भराभर सरकली. माणसं आपणहून पुढे जायला सांगत होती. व्हॅनमधल्या मुलाने नाकावर रुमाल बांधला आणि सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. स्क्रीनवर आकडे चढताना तो आनंदाने बघत होता, कारण ही नापास होणार याची त्याला खात्री होती. पण 2000 च्या मार्चअखेरपर्यंतच्या दुचाकींना नियम निराळा. कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दहा लाख भागांत 9000 पर्यंत चालतं. सरकारने म्हाताऱ्यांना सवलत फक्त एसटीत दिलेली नाही.

कागद छापून आला. मुलाने तो दोनदा वाचला, धुराकडे बघितलं, पुन्हा वाचला.

"पास आहे, काका."

मी किल्लीकडे हात नेला, कागद घ्यायला उतरायचं म्हणून. तो व्हॅनमधून जवळजवळ उडी मारून बाहेर आला.

"इथं बंद नका करू! कागद मी देतो आणून."