बायांसाठी ॲप बनवून राहिले? मग हे वाचाच

आधी ॲपला गुलाबी रंग द्या. अर्धं काम तिथंच झालं.

बोलणाऱ्या मशीनला आवाज बाईचाच द्या, हुकूम सोडायला बरं पडतं. वापरणारा मात्र पुरुषच असणार, असं धरून चाला. खाली टिक करायचा चौकोन, त्यापुढे 'मी संमती देतो'. बाई 'देतो' म्हणेपर्यंत पुढचं पान उघडूच नका.

बाईचं नाव जन्मभर एकच राहते, असंही समजा. मागच्या मंगळवारी मी बँकेच्या ॲपवर केवायसी करायला बसले. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. 'नाव जुळत नाही.' बरं, चेहरा तर बघ! डोळे मिचकवा, मान डावीकडे, मान उजवीकडे. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची बाई फोनला डोळे मारून राहिली! 'चेहरा जुळत नाही.' शेवटी 45 डिग्रीत स्कार्फ बांधून स्कूटीवर शाखेत गेले. काउंटरवरचा पोट्टा मान वर न करता म्हणतो, "मॅडम, सिस्टिम घेत नाही. मॅरेज सर्टिफिकेट आणा, नाहीतर नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट." सव्वीस वर्षं संसार केला, आता लग्न झाल्याचा पुरावा आणा! घरी येऊन यांना विचारलं, तर म्हणे, "माझं तर दोन मिनिटांत झालं." होईलच ना! यांचं नाव बारशापासून तेच. लग्न दोघांचं, कागद मात्र माझेच बिघडले.

मशीनला शिकवायला फोटो गोऱ्या पुरुषांचेच जास्त घ्या. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघी संशोधकांनी 2018 साली चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के, सावळ्या बायांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. आम्ही विदर्भाच्या उन्हातल्या बाया कोणत्या रकान्यात बसतो, ते सांगायला नको.

नोकरीचे अर्ज निवडायलाही एआयच बसवा. ॲमेझॉननं बसवून पाहिलं होतं. दहा वर्षांचे जुने अर्ज दाखवले, बहुतेक पुरुषांचे. 'विमेन्स' शब्द दिसला की अर्ज मागे ढकलायचा, हे ते आपलं आपणच शिकलं. गुंडाळावं लागलं मग.

ओटीपी नवऱ्याच्याच मोबाईलवर पाठवा. गरोदर बाई अंगणवाडीत आहारासाठी उभी, चेहरा स्कॅन झाला, आणि ओटीपी गेला बुटीबोरीला, कंपनीत ड्युटीवर असलेल्या नवऱ्याच्या खिशात. तो जेवणाच्या सुट्टीत फोन बघेल तेव्हा बघेल.

अरे, काहून असं करता बाप्पा? टेस्टिंगला लग्न झालेली एक बाई नाही सापडली तुम्हाले? नागपूरच्या महाल भागातल्या पाच जणींच्या हातात फोन द्यायचा आणि तासभर तोंड बंद ठेवून बघायचं, एवढं जड आहे? 'आधीचं नाव' असा एक रकाना टाकायला कोणती एआय लागते? 'देतो'च्या बाजूला 'देते' लिहायला पैसे पडतात का? तुमच्या आईचं खातंही याच ॲपवर असेल, तिला एकदा विचारा तरी. आणि मला सांगू नका की सिस्टिम घेत नाही. सिस्टिम तुम्हीच लिहिली ना? बुधवारी मी परत त्याच काउंटरवर उभी राहणार आहे, लग्नाचा अल्बम घेऊन.