जगाचा अंत, आणि माणसांना जाळणारा उपदेश

सतराव्या शतकाच्या अखेरीस रशियात हजारो माणसांनी स्वतःला लाकडी इमारतींत कोंडून घेतलं आणि आत आग लावली. हे ऐकलं की लोक ‘धर्मवेडे’ म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही.

ही माणसं जगाचा अंत आला असं मानत होती. तशी भीती तिथे आधीही होती. तिथली कालगणना सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची. जगाचं शेवटचं समजलं गेलेलं सात हजारावं वर्ष इ.स. 1492 मध्ये संपत होतं आणि ईस्टरच्या तारखांची कोष्टकंही तिथेच थांबत होती. वर्ष सरलं, काहीच झालं नाही. मॉस्कोचे धर्मप्रमुख झोसिमा यांनी पुढची कोष्टकं काढली आणि व्यवहार सुरू राहिला.

1666 ला मात्र तसं झालं नाही. रशियन चर्चचे सर्वोच्च प्रमुख (पॅट्रिआर्क) निकॉन यांनी 1653 पासून उपासनेच्या रीती बदलायला घेतल्या. क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची ती आता तीन बोटांनी. पुढच्याच वर्षी मॉस्कोत प्लेग आला. मग 1666-67 च्या धर्मसभेने जुनी रीत पाळणाऱ्यांना थेट शापित ठरवलं. आणि बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या जगाच्या अंताविषयीच्या पुस्तकातल्या श्वापदाचा आकडा 666. ज्या चर्चने आजवर तारणाचा मार्ग दाखवला, तेच आता बापजाद्यांच्या प्रार्थनेला पाप म्हणत होतं. ख्रिस्तविरोधक, म्हणजे जगाच्या अंताआधी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, आला असं एखाद्या शेतकऱ्याला वाटलं तर त्यात वेडेपणा कुठला? शिवाय 1685 च्या फर्मानाने हट्ट न सोडणाऱ्यांना जाळायची शिक्षाच दिली होती. त्यांचा पुढारी अव्वाकुम 1682 मध्ये दूर उत्तरेकडच्या पुस्तोझेर्स्क गावी जाळला गेलाच होता.

पण म्हणून त्या अग्निकुंडांचे गोडवे गाणारेही मला सहन होत नाहीत. आत लेकरं होती. त्यांना कुणी विचारलं होतं?

या सगळ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो येवफ्रोसिन नावाचा साधू. तो जुन्याच पंथाचा, छळ सोसणाऱ्यांपैकीच. खुद्द अव्वाकुमने जळून मरणाऱ्यांची स्तुती केलेली असताना 1691 मध्ये येवफ्रोसिनने या आत्मदहनाविरुद्ध सबंध ग्रंथ लिहिला आणि लोकांना मरणाच्या वाटेला लावणाऱ्या उपदेशकांवर तो तुटून पडला. बाहेरच्याने टीका करणं सोपं असतं. राज्यसत्ता जिवावर उठलेली असताना आपल्याच माणसांना ‘हे चुकतंय’ असं सांगायला फार मोठं काळीज लागतं. रशियाबाहेर त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? अव्वाकुमचं आत्मचरित्र मात्र जगभर वाचलं जातं.

आणि 1694 च्या सुमारास रशियाच्या वायव्येकडच्या कारेलियाच्या जंगलात, विग नदीकाठी, याच पंथातल्या काहींनी वस्ती उभारली. ख्रिस्तविरोधकाचं राज्य आलंय, खरा पुरोहित आता उरला नाही, हे तेही मानत. तरी त्यांनी शेती केली, धान्याचा व्यापार केला, पोथ्या उतरवल्या, तांब्या-पितळेचे क्रूस आणि देवप्रतिमा ओतल्या. अंत आलाय असं मानूनही ते दीडशेहून अधिक वर्षं नांदले. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती वस्ती मोडली ती सरकारने.