पाण्यात बघून धरलेला मासा : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) लावून पाण्यावर पालथं तरंगत, हातातल्या तंगुसानं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्यानं, मासा कसा धरायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही पैठणकडच्या भोई घरातले. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात समुद्रावरचे खेळ शिकवू नयेत, असं तुम्ही म्हणता. दर उन्हाळ्यात आमची लेकरं धरणात, शेततळ्यात बुडतात आणि तुम्ही त्यांना नळी तोंडात धरून आत उतरायला सांगताय, हा दुसरा आक्षेप. तुमचा छंद हे आमचं पोट आहे, हा तिसरा. चौथा मला सगळ्यात जास्त लागला : ‘माशाच्या तोंडासमोर जाऊन, त्याच्याकडं बघत बघत आमिष धरायचं, हे कपट आहे.’ म्हणून लेख काढून टाका, अशी तुमची मागणी आहे.

लेख मी ठेवणार आहे. मात्र तुमच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला मी बांधील आहे, आणि बुडण्याचा मुद्दा सगळ्यांत आधी घ्यायला हवा.

आपल्याकडची पोरं पाण्यात बुडतात, कारण त्यांना पाणी माहीत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीत गावातलं जवळजवळ प्रत्येक पोरगं विहिरीत पोहायला शिकायचं. पाठीला कोरडा भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधायचा, काठावर मामा किंवा चुलता उभा राहायचा. मग बोअर आले, विहिरी आटल्या, त्यांच्यात कचरा पडला. आता पोरगं थेट वयात आल्यावर, चार मित्रांबरोबर, भरलेल्या धरणाच्या काठी पहिल्यांदा पाण्यात पाय घालतं. तिथं त्याला कोणी सांगितलेलं नसतं, की हे पाणी विहिरीसारखं नाही. धरणाच्या पाण्याखाली जुनं नदीपात्र असतं आणि गुडघाभर पाण्यातून दोन पावलं टाकली की पुरुषभर खोल होतं. गाळ नाही तर मुरूम उपसून नेलेले खड्डे असतात. बुडालेल्या विहिरी, बाभळीची खोडं असतात. फाटून सुटलेलं जाळं असतं. ते नायलॉनचं असलं तर वरून दिसतही नाही. बॅकवॉटरच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आणि त्यांच्या वायरी पाण्यात गेलेल्या असतात. एक जोड उघडा असला तरी पुरे. यातलं काहीही काठावरून कळत नाही. मास्क लावून कमरेएवढ्या पाण्यात तोंड घातलं की यातलं बरंच दिसतं. जे दिसत नाही, म्हणजे वीज आणि ओढ, त्यासाठी नियम आहे : मोटार, जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), कालव्याचं तोंड आणि दरवाजे यांच्या आसपास पाण्यात उतरायचंच नाही.

शेततळ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे ठळक अक्षरात वाचावं असं मला वाटतं. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कोणीही उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानंही नाही. उतारावर शेवाळ धरतं, पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसतं आणि माणूस काठापासून हातभर अंतरावर दमून जातो. तिथं ना स्नॉर्केल, ना गळ. काठाला दोर आणि फुगवलेली ट्यूब कायम बांधलेली असावी, एवढंच त्या पाण्याबाबत सांगण्यासारखं आहे.

आता नळीबद्दल. स्नॉर्केलची नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते आणि त्याला कारण आहे. आपल्याकडं हाताशी ठिबकचा पाइप असतो. त्याचा लांब तुकडा कापून खोल पाण्यात बसता येईल, असं एखाद्या पोराला वाटणं अगदी साहजिक आहे. ते जीवघेणं आहे. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरून जवळपास १०० ग्रॅम जादा दाब येतो, तो ढकलून फुप्फुसं फुलवायची म्हणजे काही श्वासांत माणूस थकतो. शिवाय सोडलेली हवा लांब नळीतच राहते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. म्हणून नळी आहे तेवढीच, आणि तीही पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगण्यासाठी. बुडी मारण्यासाठी नाही.

बुडीचा मोह का टाळायचा, तेही सांगतो. बुडी मारण्याआधी पोरं भराभर खोल श्वास घेतात आणि मग जास्त वेळ आत राहता येतं म्हणून खूश होतात. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. भराभर श्वास घेऊन तो आधीच बाहेर टाकला, तर शरीर इशाराच देत नाही. प्राणवायू मात्र संपत असतो. माणूस धडपडत नाही, ओरडत नाही, तसाच शुद्ध हरपतो. काठावरच्या मित्राला वाटतं, मासे बघायलाय.

म्हणून हातात गळ असताना बुडी नाही. पाय टेकतील एवढंच पाणी, छातीच्या वर नाही. एक जण पाण्यात, दुसरा काठावर किंवा ट्यूबवर, आणि त्या दुसऱ्यानं मोबाइल बघायचा नाही. तंगूस मनगटाला, बोटाला, कमरेला कधीही गुंडाळायचा नाही. तो लहान फळीवर गुंडाळलेला असतो आणि ती फळी ट्यूबला बांधलेली असते, अंगाला नाही. मासा ओढू लागला आणि पायात दोरा अडकला तर फळी सोडून देता आली पाहिजे. बोथट टोकाची कात्री गळ्याशी किंवा दंडाला, एका हातानं काढता येईल अशी. धरलेला मासाही कमरेला लटकवायचा नाही, ट्यूबच्या जाळीत टाकायचा. ही माहिती काढून टाकली तर पोरं पाण्यात जायची थांबणार नाहीत, दादा. ती हे काही न कळता जातील.

लातूरच्या रेल्वेचं तुम्ही काढलंत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ आली तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लोक हंडे घेऊन रांगेत होते, हे मराठवाड्यातला कोणी विसरलेला नाही. पण पाण्याची टंचाई आहे म्हणून पाण्याकडं बघूही नये, हे मला पटत नाही. आपण पाणी टाकीत, टँकरमध्ये आणि टीएमसीच्या आकड्यांत ओळखतो. त्यात राहणारं काय आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. तुमच्या घराण्याला ते ठाऊक आहे. बाकीच्यांनाही व्हावं, एवढीच माझी इच्छा.

आता कपटाकडं येतो.

हा प्रकार मूळचा समुद्रातला, स्वच्छ पाण्याच्या खडकाळ किनाऱ्यावरचा. आपलं पाणी तसं नाही. काळ्या मातीचा कण इतका बारीक असतो की पावसाळ्यात आलेलं चहासारखं पाणी निवळायला दिवाळी उलटते. मार्गशीर्ष-पौषात खडकाळ काठालगत हात-दोन हात दिसायला लागतं, आणि चैत्रापर्यंत पाणी घटून शेवाळानं पुन्हा हिरवं होतं. म्हणजे ते थोडे आठवडे. तेवढ्या काळात, उथळ पाण्यात, पालथं पडून समोर बघायचं. मास्कमधून चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर आहे असं वाटतं आणि तो असतो त्याहून तिसऱ्या हिश्शानं मोठा दिसतो. नवखा माणूस म्हणून आमिष नेहमी अलीकडं सोडतो. इथं दोऱ्याला तरंगतं बूच लागत नाही, कारण मासा आमिष तोंडात घेताना दिसतो. चिलापी (तिलापिया मासा) गांडूळ ओढून घेते आणि चव पटली नाही तर डोळ्याची पापणी लवायच्या आत थुंकते. वरून गळ टाकणाऱ्याला ते कळतही नाही. त्याला कळतं तेव्हा बऱ्याचदा गळ माशाच्या पोटात उतरलेला असतो. तो मासा लहान निघाला आणि परत सोडला, तरी वाचण्याची आशा कमी. समोर दिसत असताना गळ ओठात असतानाच दोरा ताणता येतो. टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकला असेल, तर नको असलेला मासा हात न लावता पाण्यातच सुटतो.

आणि मुख्य म्हणजे, कोणाला धरायचं नाही हे दिसतं. तुम्हाला हे मी सांगावं असं नाही, पण इथं इतरही वाचताहेत. चिलापीचा नर उथळ तळाशी गोल खड्डे करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. पिल्लं बाहेर पडून सुटी होईपर्यंत ती तोंडातच वाढवते. तिचा घसा फुगलेला स्पष्ट दिसतो. तिच्यापुढं आमिष धरायचं नाही. मरळीचं तर त्याहून पुढचं आहे. तिची पिल्लं लालसर-केशरी असतात, थव्यानं राहतात, हवा घ्यायला सारखी वर येतात, त्यामुळं पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा एक डाग सरकत असल्याचं दिसतं. खाली मोठी मरळ राखणीला असते. काठावरचे हौशी गळवाले नेमके त्या डागावर बेडूक नाही तर नकली आमिष टाकतात. ती मरळ भुकेनं येत नाही, पिल्लांजवळ कोणी आलं म्हणून झेपावते. ती गेली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. दादा, कपट म्हणायचं तर मी याला म्हणेन. तो थवा पाण्यातून बघितलेला माणूस तिथं गळ टाकूच शकत नाही, निदान मी तरी नाही टाकू शकत.

तुमच्या जाळ्याला मी नावं ठेवत नाही. घर चालवायचं तर जाळंच लागतं, आणि किती बोटांच्या आसाचं (छिद्राचं) जाळं कधी टाकायचं ही निवड तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहात. माझ्यासारख्याचं घर माशावर चालत नाही. म्हणून माझ्यावर निवडीची जबाबदारी तुमच्यापेक्षा जास्त आहे, आणि ती बघितल्याशिवाय पार पाडता येत नाही.

पोटाचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठवलेल्या स्थिर पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून मच्छीमार सोसायट्या बीज आणतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत घेऊन तलावात सोडतात, आणि ती मोठी होईस्तोवर राखण करतात. त्या तलावातला कटला म्हणजे कोणीतरी पैसे घालून पेरलेलं पीक आहे. एखाद्याच्या शेतातून कणसं मोडून आणून त्याला छंद म्हणता येत नाही, तसंच हेही. माझ्या लेखातल्या पद्धतीत हे तीन मासे धरायचे नाहीतच. समोर दिसत असताना चुकून धरला असंही होत नाही. राहते ती चिलापी. ती १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणली गेली, आपोआप बेसुमार वाढते आणि स्थानिक माशांना जड जाते. पण चिलापीही आज बाजारात विकते आणि ठेका पाण्यावरचा असतो, म्हणून तिच्यासाठीसुद्धा सोसायटीला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. सोसायटी नाही म्हणाली तर मास्क लावून नुसतं बघायचं, तेही पोहायला बंदी नसेल तिथंच.

आणि तुमच्या पैठणचं पाणी, म्हणजे नाथसागर, यातून वेगळं आहे. जवळजवळ ३५० चौरस किलोमीटर पसरलेला आणि बऱ्याच भागात उथळ असा तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाणी निवळतं नेमकं तेव्हाच परदेशी पाहुणे पक्षी त्या उथळ काठांवर उतरलेले असतात. हौसेखातर तिथं गळ घेऊन कोणी पाण्यात जाऊ नये. कोकणात मालवणच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करून आलेल्यांनाही हेच सांगेन. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथं मासे बघा, गळ घरी ठेवा.

एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. तुम्ही लिहिलंय की आजोबा सांगडीवर (बांधलेल्या तराफ्यावर) बसून मासे धरायचे आणि तुम्ही चप्पूवरून, म्हणजे छोट्या तराफ्यावरून, जाळं टाकता. मरळीचा थवा चप्पूवरून तुम्हाला किती लांबून ओळखू येतो? तो दिसला तर तुमच्याकडं जाळं बाजूला नेण्याची रीत आहे का, की सोसायटीनं त्या महिन्यांसाठी काही ठरवून दिलंय? आमच्या भागातल्या एका सोसायटीपुढं हाच विषय मांडायचा आहे, आणि गळवाल्या माणसानं सांगण्यापेक्षा तुमच्यासारख्यानं सांगितलेलं ते ऐकतील. इथं खाली लिहिलंत तरी चालेल.